चाळणीतलं विरजण

शनिवारी भोगम यार्डात उतरलेल्या भंगारात एक घंटा होती आणि घंटेच्या काठाला रक्त लागलेलं होतं.

हर्षदला तो आधी गंज वाटला. त्यानं खरवडलं तर नख लाल झालं. मग त्यानं घंटा उलटी केली, कडेला कोरलेली अक्षरं वाचली आणि नळ, गज, जळक्या मोटारी यांचा तो ढीग तसाच टाकून ती बहिणीसमोर आणून ठेवली. घंटा त्यांच्याच आजोळची होती, बिरोबाच्या देवळातली. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून दोघांनी ती वाजवली होती. त्या देवळाचा गुरव, यसबा, त्याच दिवशी पहाटे पायरीवर मरून पडलेला सापडला होता. त्याच्या डोक्याला एका बाजूनं आकारच उरला नव्हता. सकाळपासून ते फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते आणि लोक चहा पितापिता ते पुढं पाठवत होते.

"मामांनी घेतलंय हे, ताई," हर्षद म्हणाला. "बघून घेतलंय."

ऋतुजा वारकेनं घंटेकडं पाहिलं आणि आधी खोलीचं दार लावून घेतलं.

हे सगळं चाळणीमुळं चाललं होतं. यंत्राला कंपनीनं लांबलचक नाव दिलं होतं, पण शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. एका तोंडानं माल खाते आणि दुसऱ्या बाजूनं निवडून देते, म्हणजे चाळणच ती, असं भट्टीवाल्यांनी ठरवून टाकलं.

तिचं शास्त्र ऋतुजा नव्या गिऱ्हाइकाला भडंगावर समजावून सांगायची. भडंग म्हणजे मिश्रण. त्यात चुरमुरे चुरमुरेच राहतात, शेंगदाणे शेंगदाणेच. चिकाटी असेल तर एकेक वेचून पुन्हा वेगळं मांडता येतं. पितळ, मिठाचं पाणी, हवा, हीसुद्धा मिश्रणंच. तिथं फक्त डोळा फसतो, कारण कुठूनही घ्या, सगळीकडं सारखंच दिसतं. पाण्याचं मात्र तसं नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजननं एकमेकांना ठरलेल्या प्रमाणात धरून ठेवलेलं असतं. ते प्रमाण पंचगंगेत जे आहे तेच हिमालयातल्या बर्फात. तिथं वेचणं चालत नाही, रासायनिक क्रियाच करावी लागते. म्हणून पाणी हा शुद्ध पदार्थ. चाळण संयुगांच्या वाटेला जात नाही, मिश्रण मात्र एकही सोडत नाही. प्रत्येक रेणूला थरथरण्याची स्वतःची लय असते. चाळण माल दळून त्याचा लगदा करते आणि मग एकेका लयीची हाक देते. ज्याची हाक, तो रेणू जाळीपलीकडं आपल्या कप्प्यात जाऊन पडतो. तांबं तांब्याच्या कप्प्यात, कथील कथलाच्या.

शाळेच्या पुस्तकात हे वाचायला बरं वाटतं. बाजारात आलं तेव्हा त्यानं माणसं मारली. पूर्वी चोरीचं पितळ वितळवलं तरी त्यात जस्त किती, शिसं किती, यावरून ते कुणाच्या भट्टीतलं हे जाणता माणूस सांगू शकायचा. मिश्रणाचं प्रमाण हीच त्याची ओळख, त्याचं गाव, त्याचं घराणं. शुद्ध तांब्याला गाव नसतं. चाळणीतून निघालेलं तांबं देवाच्या घंटेचं की कुणाच्या बंबाचं, हे सांगणं अशक्य झालं आणि चोरांना रान मोकळं मिळालं. गटारांची झाकणं गेली, विहिरींवरच्या मोटारी गेल्या, पुलांचे कठडे गेले. राखणदार आडवा आला की तोही जायचा. जिल्ह्यात अशा बातम्यांचं आता कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

यार्ड ऋतुजाच्या मामांचं, रणजित भोगमांचं. आईवडील एकाच अपघातात गेले तेव्हा हर्षद अजून रांगत होता. मामांनी दोघांना घरी आणलं, वाढवलं, ऋतुजाला रसायनशास्त्राची पदवी घेऊ दिली आणि मग चाळण तिच्या हाती सोपवली. हर्षद लोहचुंबकाची क्रेन चालवायचा. त्याला लहानपणापासून फिट यायची. रोज सकाळी गोळी त्याच्या तळहातावर ठेवून तो गिळेपर्यंत समोर उभं राहणं हे ऋतुजाचं काम. तो तिला जेलर म्हणायचा.

"मी सोमवारी पोलिसांत जातोय," त्यानं त्या बंद दाराआड सांगितलं. तिनं समजावून पाहिलं. यसबानं दिलेला प्रसाद ह्याच हातात खाल्लाय, एवढंच तो बोलला आणि घंटा कुठंतरी लपवून आला.

रविवारी मामांच्या घरी जेवताना ते फुटलं. हर्षदनं ताटावरच मामांना विचारलं की घंटा कुणी आणून दिली. मामा म्हणाले, पोरं माल आणतात, मी त्यांची कुंडली मांडत बसत नाही. हर्षद म्हणाला, मग पोलीस मांडतील. मामा शांतपणे उठले, दाराच्या खिळ्याला कुत्र्याची साखळी अडकवलेली होती ती घेतली आणि मारायला लागले. पहिला वार खांद्यावर बसला, दुसरा कानावर. ताट उडालं, रस्सा भिंतीवर सांडला. मामी देवघरात जाऊन बसली. ऋतुजा मध्ये पडली तर साखळीचं टोक तिच्या ओठावर आलं आणि तोंडात रक्ताची खारट चव भरली. एवढं झाल्यावर मामा थांबले. साखळी होती तिथं अडकवली, हात धुतले आणि तिला म्हणाले, "जेव. अन्नावर राग काढू नये."

तिला त्या क्षणी त्यांची भीती वाटली आणि लाजही वाटली, कारण ती खरंच जेवली.

सोमवारी वसाहतीला सुट्टी. मामांनी सकाळीच मामीला आणि ऋतुजाला गाडीत बसवून गडहिंग्लजला नात्यातल्या एका ओटीभरणाला पाठवून दिलं. हर्षदशी मी बोलतो, ते म्हणाले, माझाच पोरगा आहे. संध्याकाळी ती परतली तेव्हा हर्षद खोलीत नव्हता. मामांनी सांगितलं की त्याला होसूरला एका दोस्ताच्या भट्टीवर धाडलंय, वातावरण निवळेपर्यंत. त्याचा फोन बंद होता. ऋतुजाला खरं तर सुटल्यासारखं झालं. गोळ्यांची बाटली मात्र फळीवरच होती. एवढा मोठा झाला तरी अक्कल नाही, म्हणून तिनं त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मंगळवारी सकाळी तिनं चाळण सुरू केली.

आता विरजणाबद्दल सांगायला हवं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे चाळण शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी व्हायला हवी. पण कोरडी चाळण पुन्हा ओली व्हायला अर्धा दिवस खायची. यावर उपाय हर्षदनं काढला. भट्टीत जसा थोडा रस तळाशी ठेवून पुढचा माल टाकतात, तसा त्यानं चाळणीचा खालचा व्हॉल्व्ह वळवून ठेवला, म्हणजे प्रत्येक घाण्यातला शेवटचा दोन-चार किलो लगदा निवडल्याविना पोटातच राहायचा. दुसऱ्या दिवशी यंत्र लगेच चालू. त्याला तो विरजण म्हणायचा. बाहेरून काहीच कळायचं नाही. कप्पे भरायचे, दिवा हिरवा व्हायचा, यंत्र थांबायचं. हे त्या दोघा भावंडांनाच ठाऊक होतं. मामांनी चाळण विकत घेतली होती, पण तिला कधी हात लावला नव्हता.

नवा माल टाकण्याआधी पोटात काय आहे ते चाळण स्क्रीनवर सांगते. शनिवारच्या घाण्याचं तांबं आणि जस्त दिसेल अशी ऋतुजाची अपेक्षा होती. वर पहिलंच नाव पाण्याचं होतं. मग चरबी. मग कॅल्शियम फॉस्फेट. तांबं आणि कथील, चारास एक. मग हिमोग्लोबिन.

तिनं खटका बंद केला. मांजर पडलं असेल, तिला वाटलं. उंदीर तर नेहमीच पडतात. तिनं यादी खाली सरकवली. यंत्र इस्पितळांचा कचराही निवडायचं, त्यामुळं त्याला औषधांची नावं पाठ होती. कॅफिन होतं. मांजर चहा पीत नाही, असा एक वेडा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला. त्याखाली, अगदी थोडं, सोडियम व्हॅलप्रोएट.

ती फिटची गोळी तिनं सोमवारी सकाळी गाडीत बसण्याआधी त्याच्या तळहातावर ठेवली होती. तो गिळेपर्यंत समोर उभी राहिली होती.

ती यंत्राला धरून खाली बसली आणि रविवारी फाटलेला ओठ तिनं पुन्हा चावून फोडला. दुःख नंतर आलं. आधी आला तो नुसता संताप, इतका की तिला दिसेनासं झालं.

मग ती उठून कप्प्यांकडं गेली. सगळे धुऊन ठेवलेले. पाण्याची टाकी गटारात सोडलेली. दाराशी पांढऱ्या भुकटीचं एक पोतं होतं, खतवाल्यासाठी बाजूला काढलेलं. तिनं त्यात हात घातला. कॅल्शियम फॉस्फेट. जगातल्या कुठल्याही कॅल्शियम फॉस्फेटसारखं. हे हर्षदच्या हाडांचं आहे, असं कुठलाही रसायनशास्त्रज्ञ शपथेवर सांगू शकला नसता, तीसुद्धा नाही. पोत्यात भाऊ होता आणि नव्हताही. मामांनी अर्धवट का होईना, तिच्याकडूनच शास्त्र उचललं होतं. एकच गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि ती यंत्राच्या पोटात होती.

"लौकर आलीस," मामा मागून म्हणाले.

ते दारात उभे होते. त्यांनी तिचा भुकटीनं पांढरा झालेला हात पाहिला, उजळलेली स्क्रीन पाहिली. स्क्रीनवरची नावं त्यांना वाचता येत नव्हती, पण माणसाचं तोंड वाचायला त्यांना कधी अडचण आली नव्हती.

"आत काय ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं.

तिनं हातातली भुकटी परत पोत्यात सोडली.

मग मामाच बोलायला लागले. भराभर, खाली बघत. घंटा दे म्हणालो, देईना. ती पोरं साधी न्हाईत, त्यांनी तुला, मला, मामीला, कुणालाच सोडलं नसतं. ढकललो फक्त. पडला, डोकं लोखंडावर आपटलं. मग अंग वाकडं करून हातपाय झाडायला लागला. मी घाबरलो. घंटाबी मग हुडकून आत टाकली.

ऋतुजानं ते हातपाय झाडणं शेकडो वेळा पाहिलं होतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली हात द्यायचा, थोडा वेळ थांबायचं. मामांनाही ते माहीत होतं, त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"चाळणीत घातला तवा जिवंत हुता काय, मामा?"

मामा यंत्राच्या खटक्याकडं निघाले.

खटका दाबला आणि खालचा व्हॉल्व्ह उघडला की सगळं संपणार होतं. विरजण निवडलं जाणार, पाणी पाण्यात, मीठ मिठात, आणि हर्षद नावाचा कुणी होता याचा जगात पुरावा राहणार नव्हता. ती आडवी उभी राहिली. मामांनी तिला बाजूला लोटलं. ती त्यांच्या दंडाला चावली, दात हाडापर्यंत गेले. ते ओरडले, त्यांनी तिचे केस धरून तिचं डोकं यंत्राच्या पत्र्यावर आपटलं आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ती सावरून पुन्हा खटक्यासमोर उभी राहिली तेव्हा त्यांच्या हातात पहार होती. पहारीच्या बुडाला फडका बांधलेला असतो, तो त्यांनी सवयीनं मनगटाला गुंडाळला. तोडकाम करणारे सगळे तसंच करतात, घामानं पहार सुटू नये म्हणून.

"सर, ऋतू," ते म्हणाले. ते रडत होते. "तुला मारायचं न्हाई मला."

ती सरली नाही. पहार आली ती तिच्या डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, मग कळ आली. ती ढिगाच्या कडेला कोलमडली आणि तिथं तिच्या तोंडासमोर क्रेनच्या खटक्यांचा डबा लोंबकळत होता, हर्षद रोज सोडून जायचा तसाच. मामा पत्र्यांच्या ढिगावर पाय देऊन पहार दुसऱ्यांदा उचलत होते. त्यांच्या डोक्यावर चुंबक टांगलेलं होतं.

लोखंडाचा कीस आणि गंधक एकत्र करायचं आणि वरून चुंबक फिरवायचं, हा मिश्रण वेगळं करण्याचा पहिला प्रयोग तिनं सातवीत केला होता. तिनं उजव्या हाताच्या अंगठ्यानं खटका दाबला.

ढीग उठला. पत्रे, गज, साखळ्या, झाकणं, सगळं एकदम किंचाळत वर गेलं, आणि त्यातून मामाही गेले. पहार चुंबकाला जाऊन चिकटली आणि मनगटाच्या फडक्यानं त्यांना माणूसभर उंच ओढून नेलं. एक पत्रा त्यांच्या मांडीतून आरपार सरकला. गालाचा एक तुकडा लोंबायला लागला. मग फडका फाटला आणि ते खाली पडले, चाळणीच्या तोंडाशी, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. रक्त यंत्राच्या पत्र्यावरून ओघळत होतं.

वर टनावारी लोखंड टांगलेलं होतं आणि ऋतुजाचा अंगठा खटक्यावर होता. तो उचलायचा होता, बस्स.

"मी वाढवलो तुला," मामा म्हणाले. दातांत रक्त असल्यानं शब्द नीट फुटत नव्हते. "अंगाखांद्यावर खेळवलो दोघांना."

ते खरं होतं आणि त्यामुळंच तिला ते सहन होईना. दयेचा लवलेशही तिच्यात उरला नव्हता. तिनं अंगठा सैल केलाही. पण मामा चाळणीला टेकून पडले होते. लोखंड त्यांच्यावर पडलं असतं तर यंत्रावरही पडलं असतं, पोट फुटलं असतं आणि आतला लगदा यार्डाच्या मातीत जिरून गेला असता. रणजित भोगम वाचले ते हर्षदमुळं.

तिनं अंगठा तसाच दाबून धरला, मोडलेल्या हाताच्या कोपरानं दुसरा खटका ढकलला आणि ते सगळं ओझं हळूहळू मोकळ्या जागेकडं नेलं. तिथं सोडलं तेव्हा जमीन हादरली. मग तिनं मांडीवर फोन ठेवून पोलिसांना बोलावलं, पहार उचलून आणली आणि खालच्या व्हॉल्व्हसमोर पाय पसरून बसली. मामा तिला शिव्या देत होते, मध्येच पाणी मागत होते. तिनं पाणी दिलं नाही. त्याबद्दल तिला पुढंही कधी वाईट वाटलं नाही.

खटला चालला. पांढऱ्या भुकटीच्या पोत्यावरून मामांच्या वकिलानं सरकार पक्षाची खिल्ली उडवली आणि त्याचं बरोबरच होतं, त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. मग विरजणाचा अहवाल आला. त्यात हर्षदची जनुकं होती, गोळी होती, त्या सकाळचा चहा होता. तांब्या-कथलाचं प्रमाण बिरोबाच्या घंटेचं होतं आणि काठावरचं यसबाचं रक्तही त्यातच मिसळलेलं होतं. दोघांचे खून एकाच लगद्यात सापडले. मामांना जन्मठेप झाली. घंटा आणणारी पोरंही आत गेली.

निकालानंतर उरलेला नमुना न्यायला ऋतुजा पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. डावा हात अजून नीट वळत नव्हता. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी काचेची लहान बरणी टेबलावर ठेवली, आत करड्या रंगाचं काहीतरी होतं, आणि जरा अवघडत म्हणाल्या, "यात यंत्राचं तेल आहे, घंटेचा धातू आहे, त्या दुसऱ्या गृहस्थांचं रक्तही आहे. आमच्याकडं आता चांगली चाळण आली आहे. तुम्ही म्हणाल तर बाकीचं काढून फक्त तुमच्या भावाचं तेवढं वेगळं करून देते. विसर्जनाला बरं पडेल."

ऋतुजानं बरणी उचलून जवळ घेतली.

"वेगळं करून काय द्याल, मॅडम? पाणी, मीठ, चुना," ती म्हणाली. "ते कुठंबी मिळतंय. असू दे असंच. मी असंच नेतो." कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल तशाच बोलतात, बाईंना ते ऐकून क्षणभर नवल वाटलं असावं.

त्यांनी कागदावर सही घेतली. परतीच्या बसमध्ये गर्दी होती. तिनं बरणी ओढणीत गुंडाळून मांडीवर धरली आणि कराडच्या पुढं जागा मिळाली तरी हातातून खाली ठेवली नाही.